एल. ए. लाइव्ह की पॉवर अँड लाइट?

ही दोन मनोरंजन संकुलं, पहिलं लॉस एंजेलिसमधलं, दुसरं कॅन्सस सिटीतलं. दोन्ही अमेरिकेतली, दोन्ही शहराच्या मध्यवस्तीत, दोन्हींची सुरुवात 2007 च्या आसपासची. शेजारच्या दोन्ही अरिना (बंदिस्त क्रीडागृहं) सुरुवातीला चालवणारी कंपनीही एकच होती, एईजी. तरी हिशेब अगदी वेगळा लागला.

लॉस एंजेलिसमध्ये अरिना आधी आली, 1999 मध्ये. लेकर्स हा बास्केटबॉलचा आणि किंग्ज हा आइस हॉकीचा संघ तिथेच खेळतात, त्यामुळे हंगामभर गिऱ्हाईक हक्काचं. थिएटर, उपाहारगृहं, 54 मजली हॉटेल हे सगळं त्या गर्दीच्या जिवावर मागून उभं राहिलं. फुकटात नव्हे हं! हॉटेलसाठी पालिकेने करात घसघशीत सूट दिली.

कॅन्सस सिटीने उलट केलं. अरिना बांधली, पण एनबीए (बास्केटबॉल लीग) किंवा एनएचएलचा (आइस हॉकी लीग) संघ काही आला नाही. कॉर्डिश कंपनीच्या पॉवर अँड लाइट परिसरासाठी शहराने कर्जरोखे काढले. तिथल्या करांचं उत्पन्न अंदाजाइतकं आलं नाही आणि परतफेडीचा भार शहराच्या तिजोरीवर पडला. वातावरणात मात्र तो परिसर सरस: छताखालच्या मोकळ्या चौकात फुटबॉल विश्वचषकाचे सामने पडद्यावर पाहायला तोबा गर्दी होते.

फिरायला मी कॅन्सस सिटी निवडेन. करदाता म्हणून लॉस एंजेलिस.