सुपारी, दौरा की सहनिर्मिती? नाशिकच्या लोककलावंताने परदेशाचा कोणता रस्ता धरावा

गेल्या दोन वर्षांत पंचवटीतल्या आमच्या तालमीच्या खोलीवर दहा-बारा पोरं एकच प्रश्न घेऊन आली. कोणी संबळ वाजवतो, कोणी सुरगाण्याकडचा पावरी हे आदिवासी वाद्य फुंकणारा, एक मुलगी भारूड गाते. "दादा, बाहेरून बोलावणं आलंय. जाऊ का?" मी आधी उलट विचारतो, बोलावणं नेमकं कशाचं आहे? कारण परदेश म्हटलं की त्यात तीन वेगळी कामं येतात. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम, महोत्सवांचा दौरा, आणि तिथल्या कलावंतांबरोबर बसून काही नवं घडवणं, म्हणजे सहनिर्मिती. मी गोंधळी, तिन्ही केली आहेत. चौथा पर्याय घरीच राहण्याचा, आणि सुरुवात त्याच्यापासून करायला हवी.

निफाड-दिंडोरीत द्राक्षाचे पैसे हातात आले की लग्नं, जागरण-गोंधळ, नवस फेडणं सुरू होतं. चैत्रात वणीच्या गडावर यात्रा भरते. वैशाखात तर एका रात्रीच्या दोन सुपाऱ्या येतात आणि एक सोडावी लागते. बिदागी फार नसेल, पण पैसा रोख आणि खात्रीचा. पंगतीत मानाने बसवतात आणि पुढच्या वर्षी त्याच घरातून पुन्हा बोलावणं येतं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की हे सगळं थांबतं, ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. मध्ये गणपती आणि नवरात्र तेवढं.

आता युरोपातले उघड्यावरचे संगीत महोत्सव कधी असतात? बहुतेक जून ते ऑगस्ट. म्हणजे आपला रिकामा काळ आणि त्यांचा गर्दीचा काळ जवळजवळ एकच. हे साधं गणित माझ्या लक्षात यायला पाच वर्षं गेली. तोवर मे महिन्यातली आमंत्रणं घेऊन मी घरच्या सुपाऱ्या मोडत होतो. एकदा शब्द मोडला की ते घर पुन्हा बोलावत नाही. अशी तीन घरं मी गमावली, त्यातलं एक वडिलांच्या वेळेपासूनचं होतं. यंदाच्या विचारात आणखी एक गोष्ट धरा. सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. त्या पावसाळ्यात नाशिक-त्र्यंबक सोडून कुठेही जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मंडळाच्या कार्यक्रमाबद्दल थोडक्यात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ दर दोन वर्षांनी अधिवेशन भरवतं. राहणं बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरी, जेवायला वरण-भात, आणि समोरच्याला शब्द कळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला यासारखं दुसरं काही नाही. मात्र मागणी ओळखीच्या गाण्यांचीच होते, आणि तो कार्यक्रम पाहून तिथल्या एखाद्या महोत्सवाने बोलावलं असं माझ्या बाबतीत एकदाही झालं नाही.

खरा प्रश्न पडतो तो दौरा की सहनिर्मिती हा.

दौऱ्याचा दिवस कसा जातो ते सांगतो. सकाळी आठला गाडी, दुपारी पोचलो की अर्ध्या तासात माईकची जुळणी, संध्याकाळी पाऊण तास वादन, सामान बांधणं, झोप. दहा दिवसांत सहा-सात गावं. टाळ्या भरपूर मिळतात, एका रात्रीचं मानधनही घरच्या बिदागीच्या कितीतरी पट असतं. पण रात्रभर चालणारा गोंधळ पाऊण तासात कसा बसवणार? मी आख्यान गाळलं, नमन, आवाहन आणि आरती ठेवली. दिवटी पेटवायला परवानगी नाही, म्हणून तीही न पेटवताच हातात धरली. सातव्या गावापर्यंत हात आपोआप चालतात, नवं काहीच सुचत नाही. तिकडचे सलग तीन उन्हाळे हेच केलं तर घरी परतल्यावर रात्रभराचं आख्यान सांगताना जीभ अडखळते. माझी अडखळली, पिंपळगावच्या एका अंगणात, सगळं गाव समोर बसलेलं असताना.

वाद्यांचे हाल वेगळेच. विमानाच्या पोटातल्या कोरड्या हवेत चामडं आखडतं, म्हणून निघताना दोऱ्या सैल करायच्या, तुणतुण्याची तार उतरवायची. पहिल्या दौऱ्यात मी ते केलं नाही. उतरल्यावर पिशवी उघडली तर लहान संबळाच्या तोंडावर बोटभर चीर. उलट तिकडच्या पावसाळी हवेत चामडं ढिलं पडतं. इथे आपण चगाळा, म्हणजे पालापाचोळा, पेटवून शेकतो. तिथल्या नाट्यगृहात धूर झाला की आगीचा भोंगा वाजतो. कंबर शेकायचा विजेचा पट्टा मी तेव्हापासून वाद्यांच्या पेटीतच ठेवतो. वासुदेव करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की मोरपिसं देशाबाहेर न्यायला बंदी आहे, त्यामुळे टोपी वेगळी बनवावी लागते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये चामडं, लाकूड, बिया हे सगळं उतरताच जाहीर करावं लागतं, नाहीतर वाद्य हातचं जातं आणि दंड वेगळा. महागडं वाद्य असेल तर निघताना आपल्याच विमानतळावर कस्टमचं निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे येताना त्यावर शुल्काचा वाद होत नाही.

कागदपत्रांतही दौरा जड जातो. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. २०२४ पासून त्याची फी ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. अर्ज जिथे मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे. पण वादनाचे पैसे घ्यायला वेगळी परवानगी लागते का, हे देशागणिक बदलतं. चार देशांचा दौरा म्हणजे चार आयोजकांकडून हे लेखी मागून घ्यावं लागतं. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. तिथे व्हिजिटर व्हिसावर आधी ठरलेला, मानधनाचा कार्यक्रम पोचल्यापासून ३० दिवसांच्या आत करता येतो. अमेरिकेत पारंपरिक कलेसाठी पी-३ व्हिसा आहे, पण त्याचा अर्ज आधी तिथल्या आयोजकाने किंवा एजंटने करायचा असतो. शिवाय मानधनातून कर तिथेच कापला जातो, अमेरिकेत साधारणपणे ३० टक्के, ब्रिटनमध्ये २० टक्के. कापल्याचा दाखला मागून घ्या. तो असेल तर इथल्या विवरणपत्रात त्याची वजावट मागता येते. मी पहिल्या दोन वेळा मागितलाच नाही आणि ते पैसे गेले.

सहनिर्मितीचं गणित निराळं. एक जागा, दोन-तीन आठवडे, एक व्हिसा, एक करार. राहणं, जेवण, प्रवास बोलावणाऱ्याचा, वर ठरलेलं मानधन. दिवसाच्या हिशेबाने रक्कम महोत्सवापेक्षा कमी दिसते. पण माझ्या वहीत दोन्हीकडचा खर्च वजा केल्यावर हातात उरलेला पैसा जवळपास सारखाच निघाला.

आणि वेळ मिळतो. फ्रान्समधल्या एका लहान गावात, जुन्या गिरणीच्या इमारतीत आम्ही तिघं होतो. एक चेलोवादक, एक अकॉर्डियन वाजवणारी बाई आणि मी. पहिले चार दिवस काहीच जुळेना. चेलोवाला पुन्हापुन्हा विचारायचा, "यात 'एक' कुठे आहे?" ठेका सहा मात्रांचा आहे हे त्यानेच मोजून मला सांगितलं. मला आकडे कोणी शिकवलेच नव्हते. वडिलांनी मांडीवर थाप मारून, शब्दांवर शिकवला होता. पाचव्या दिवशी मी संबळ बाजूला ठेवला आणि नुसतं आवाहन म्हणायला लागलो, तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, वणी, देवीच्या एकेका ठाण्याचं नाव घेत, पायाने जमिनीवर ठेका धरून. तो माझ्या पायाकडे बघत बसला. अर्ध्या तासाने त्याने गज उचलला आणि नावांच्या मधल्या श्वासात वाजवायला लागला. नावावर एकदाही नाही. झीलकरी, म्हणजे मागे सूर धरणारा साथीदार, जिथे झील धरतो नेमकी ती जागा त्याला सापडली होती. माझ्या अंगावर काटा आला. दौऱ्यात असा पाचवा दिवस येतच नाही, तोवर आपण तिसऱ्या गावात असतो.

सहनिर्मितीत धोका एकच, पण मोठा आहे, नावाचा. अशाच एका कामाचं ध्वनिमुद्रण पुढे बाहेर आलं तेव्हा दोन रचनांपुढे फक्त 'पारंपरिक' लिहिलेलं होतं. त्यातली एक चाल मी तिथेच बांधली होती. पारंपरिक गाणं कुणा एकाच्या मालकीचं नसतं हे खरं. पण ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावर हक्क असतो. आपल्या प्रताधिकार कायद्यात तो आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो आणखी बळकट केला. म्हणून पहिल्या तालमीच्या आधीच एका कागदावर सह्या व्हाव्यात. चाल कुणाची, मांडणी कुणाची, वाटा किती, ध्वनिमुद्रण कोण आणि कुठे वापरणार, नावं कशी लिहायची. इंग्रजी येत नसेल तर मराठीत लिहा आणि भाषांतर करून घ्या. असा कागद मागितल्यावर जो आयोजक नाराज होतो, त्याच्याकडे जाऊ नये.

मग कुणी काय धरावं? चार-पाच जणांचा बांधलेला संच असेल, सगळ्यांना त्याच पावसाळ्यात पैसा हवा असेल आणि कार्यक्रम घोटून तयार असेल, तर दौरा करा, पण तिकडच्या एका उन्हाळ्यात दोन देशांपेक्षा जास्त नको. एकटे असाल, तिशीच्या आत असाल आणि आपल्या वाद्याबद्दल अजून प्रश्न पडत असतील, तर आधी सहनिर्मितीच. पुढे दौरा ठरला तरी न्यायला आपलं म्हणून काही हाताशी राहतं.

तारखांचाही एक फरक आहे, तो भारूड गाणाऱ्या त्या मुलीमुळे माझ्या नीट लक्षात आला. तिला एकाच उन्हाळ्यासाठी दोन पत्रं आली होती, एक महोत्सवाचं, एक सहनिर्मितीचं. ती दरवर्षी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरला चालत जाते. दोन्हीकडच्या तारखा वारीतच पडत होत्या. तिने दोघांनाही लिहिलं की आषाढी झाल्यावर येते. महोत्सवाने कळवलं की तारीख हलणार नाही. सहनिर्मितीवाल्यांनी दोन आठवडे पुढे ढकलले, आणि पालखीत काय काय गातात ते ध्वनिमुद्रित करून आणशील का, असं विचारलं. ते कुठे वापरणार हे आधी लेखी कळवा, असं तिने उत्तर दिलं आहे.