सूर्याचं खळं टिपायचंय: मोबाइल, वाइड लेन्स की फिशआय?

साधं खळं, म्हणजे सूर्याभोवती दिसणारं प्रकाशाचं कडं, कशानेही टिपता येतं. त्याची त्रिज्या 22 अंश, त्यामुळे फुल फ्रेम (मोठ्या, 36×24 मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरची 24 मिमी लेन्स किंवा मोबाइलचा मुख्य कॅमेरा पुरतो. अडचण दुर्मीळ कमानी उमटू लागल्या की सुरू होते: बाहेरचं 46 अंशांचं खळं, सूर्याच्याच उंचीवरून आभाळभर आडवं फिरणारं पांढरं कडं, डोक्यावरची रंगीत कमान.

अशा वेळी बहुतेक जण 16 मिमीच्या वाइड लेन्सकडे वळतात. फक्त खळ्यांसाठी घेणार असाल तर माझ्या मते हाच सगळ्यांत कच्चा सौदा. 46 अंशांचं खळं तिच्यात वर-खाली कापलं जातं. 14 मिमीतही तेच. पुरं मावायला 11 मिमीपर्यंत उतरावं लागतं. शिवाय सरळ रेषा सरळ ठेवण्याच्या नादात ही लेन्स कडेचं चित्र ताणते. सूर्य मध्यावरून ढळला की गोल खळं लंबगोल होतं आणि कमान कोणती हे नंतर अंश मोजून ठरवताना तो ताण नडतो. खाली डोंगर किंवा इमारत घेऊन देखणा फोटो हवा असेल, तर मात्र तीच बरी.

गोल चित्र देणारी 8 मिमीची फिशआय सरळ वर रोखली की अख्खं आभाळ येतं. पांढऱ्या कड्यावर सूर्यापासून 120 अंशांवर असणारे फिकट ठिपके आपल्या पाठीमागे असतात, म्हणून नजरेतून सुटतात, फिशआयमधून नाही. पण एकेका कमानीच्या वाट्याला पिक्सेल थोडेच येतात. सूर्यही चौकटीत असतोच, म्हणून त्याच्या आड काठीवरची छोटी चकती धरावी लागते.

फिनलंडमध्ये खळ्यांचे निरीक्षक यार्मो मॉइलानेन यांनी 1995 मध्ये पहिल्यांदा टिपलेली कमान याच्या अगदी उलट. ती सूर्याच्या वर जेमतेम 11 अंशांवर असते. तिथे 50 मिमीची लेन्स आणि सूर्य नीट झाकणारा एखादा खांब जास्त उपयोगी.

मोबाइलची जमेची बाजू एकच, पण मोठी: तो खिशात असतो, आणि असे देखावे काही मिनिटांतही विरतात. मात्र त्याची आपोआप होणारी सफाई फिकट कमानीही पुसून टाकते. रॉ मोड (सफाई न करता कच्चा फोटो साठवणारा) लावा, एक्स्पोजर कमी करा.

फिकट कमानी खऱ्या उघड्या पडतात त्या स्टॅकिंगमध्ये. दर 10-15 सेकंदांनी एक असे बरेच फोटो घ्यायचे, सूर्य एकावर एक येईल असे जुळवायचे (4 मिनिटांत तो 1 अंश सरकतो) आणि सरासरी काढायची. ढग सरकत राहतात म्हणून पुसट होतात, खळं सूर्याशी बांधलेलं म्हणून टिकतं. मग फोटोच्या निळ्या रंगाच्या चॅनलमधून लाल रंगाचा वजा केला की डोळ्यांना न दिसलेली कमानही कधी कधी वर येते.

म्हणून पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ट्रायपॉडवर घाला; फिशआय त्यानंतर. आणि आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सूर्याकडे बघू नका, स्क्रीनवर बघा.