‘ययाती’ की ‘हयवदन’? तालमीला बसण्याआधी

हौशी संस्थेला गिरीश कर्नाड करायचे असले की घोडं बहुधा या दोन नाटकांपाशी येऊन अडतं. (एकाच्या बाबतीत तर शब्दशः, ‘हय’ म्हणजे घोडाच.) दोन्हींना जुन्या कथेचा आधार आहे आणि दोन्हींत प्रश्न एकच: मी म्हणजे नेमका कोण? फरक एवढाच, की ‘ययाती’त तो बोलून विचारलाय आणि ‘हयवदन’मध्ये करून दाखवलाय. म्हणून विषय आवडला, एवढ्यावर निवड करू नका. हाताशी माणसं कोण आहेत ते आधी बघा.

‘ययाती’ कर्नाडांनी १९६०च्या सुमारास लिहिलं, ऑक्सफर्डला निघायच्या दिवसांत, वय जेमतेम बावीस. घरच्यांच्या अपेक्षा मानेवर असताना बापाचं म्हातारपण मुलाने घेण्याची गोष्ट का सुचावी, हे वेगळं सांगायला नको. महाभारतातला पुरू, ययातीचा मुलगा, आज्ञा पाळतो आणि राज्य मिळवतो. कर्नाडांनी त्याला बायको दिली, चित्रलेखा. ही मूळ कथेत नाही, आणि नाटक खरं तर तिचंच आहे. नवं लग्न, समोर म्हातारा झालेला नवरा. ती थेट सासऱ्याला गाठते: माझ्या नवऱ्याचं तारुण्य तुम्ही घेतलंत, मग नवऱ्याची जागाही तुम्हीच घ्या. ययातीकडे याला उत्तर नाही. ती विष घेते, तेव्हा कुठे तो आपलं म्हातारपण परत मागतो.

नेपथ्याचा खर्च फारसा नाही, राजवाड्यातलं एक दालन पुरतं. पण सगळी भिस्त शब्दांवर. शर्मिष्ठा आणि देवयानी यांच्यातलं राजकन्या-दासीचं, कुळाचं भांडण नुसतं किंचाळून केलं तर त्याची घरगुती मालिका होते. त्यात मराठीत आणखी एक अडचण. वि. स. खांडेकरांची याच नावाची १९५९ची कादंबरी घराघरांत वाचलेली, त्यामुळे प्रेक्षक मनात तिच्यातला कच घेऊनच येतो आणि तो इथे कुठे दिसत नाही म्हणून खट्टू होतो.

‘हयवदन’ला हे ओझं नाही. वेताळाच्या गोष्टीतलं बीज, तेही थॉमस मानच्या लघुकादंबरीतून फिरून आलेलं. नाटक १९७१चं. मराठी अनुवाद चिं. त्र्यं. खानोलकरांचा, विजया मेहतांनी तो भास्कर चंदावरकरांच्या संगीतासह उभा केला. गणपतीचं स्तवन, अर्धा पडदा, मुखवटे, सूत्र सांभाळणारा भागवत, बोलणाऱ्या बाहुल्या. देवदत्त कवी, कपिल लोहाराचा मुलगा. दोघांची डोकी तुटतात आणि देवदत्ताची बायको पद्मिनी ती घाईत उलटी जोडते. ती घाई की इच्छा, याचं उत्तर पद्मिनीचं काम करणारीला माहीत असायला हवं, प्रेक्षकाला सांगायची गरज नाही. जांभया देणारी काली मात्र हमखास हशा घेते.

मला सर्वांत आवडतो तो बाहुल्यांचा प्रवेश. कपिलचं धड मिळालेल्या देवदत्ताचे हात दिवसेंदिवस मऊ पडत चाललेत, हे त्या दोघी आधी ओळखतात. ओळख डोक्यात की अंगात, यावरची एवढी चर्चा एका तळहातावर येऊन ठेपते. त्यासाठी नुसता मुखवटा बदलून भागत नाही, दोघा नटांना एकमेकांची चाल शिकावी लागते. महिनाभर रोज. आणि भागवत गाणारा हवा. तो बेसूर निघाला तर पुढचं काही वाचत नाही.

अनुवाद कुठलाही घ्या, परवानगीचं काम तालमीआधी उरका.

मग एका संध्याकाळी दोन्ही संहिता मोठ्याने वाचा. चित्रलेखेच्या प्रवेशात बहुतेक मुली आवाज चढवतील. एखादी उतरवेल. ती सापडली तर ‘ययाती’ घ्या. नाही सापडली तर पेटीवाल्याला फोन लावा.