स्मार्ट वजनकाटा, पाच महिन्यांनंतर: काटा गुणी, ॲप आगाऊ

घेतल्या घेतल्या रिव्ह्यू टाकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण नव्याचे नऊ दिवस सगळंच भारी वाटतं, म्हणून मुद्दाम पाच महिने थांबून लिहितेय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारचे बहुतेक काटे आणि त्यांची ॲप एकाच पठडीतली असतात आणि माझी तक्रार त्या पठडीबद्दलच आहे.

काचेचा चौकोनी काटा, वर पायाखाली धातूच्या पट्ट्या, ब्लूटूथने फोनला जोडायचा. अनवाणी उभं राहिलं की वजन, चरबीचे टक्के, स्नायू, हाडं, पोटातली चरबी आणि 'शरीराचं वय' असे डझनभर आकडे फोनवर येतात.

आधी चांगलं सांगते. वजन अचूक दाखवतो. लागोपाठ पाच वेळा उभी राहिले, पाचही वेळा तोच आकडा, फार तर १०० ग्रॅमचा फरक. फक्त कडक सपाट फरशीवर ठेवा. मी पहिला आठवडाभर पायपुसण्यावर ठेवला होता आणि वजन रोज वाट्टेल ते दाखवत होता, मला वाटलं पीस खराब आलाय, परत पाठवायच्या तयारीत होते. नवऱ्याने नुसता उचलून फरशीवर ठेवला आणि म्हणाला, "आता चढ." सुरळीत. जागा बदललीत तर एकदा पाय ठेवून काढून घ्या, शून्य येऊ द्या, मगच चढा.

बाकीच्या डझनभर आकड्यांचं मात्र फार मनावर घेऊ नका. काटा मोजतो दोनच गोष्टी, वजन आणि पायातून सोडलेल्या अगदी बारीक करंटला शरीर किती अडवतं ते. चरबीतून करंट नीट जात नाही, पाणी असलेल्या स्नायूंतून जातो, त्यावरून आणि तुम्ही ॲपमध्ये भरलेल्या वय, उंची, लिंगावरून बाकी सगळा हिशोब फॉर्म्युल्याने निघतो. मी एकदा गंमत म्हणून प्रोफाइलमध्ये माझं वय दहा वर्षांनी कमी केलं तर जागच्या जागी चरबी पण कमी झाली 😄 आंघोळ करून ओल्या पायांनी उभं राहिलात तरी टक्के बदलतात, पाणी कमी प्यायलं असेल तर उलटीकडे जातात. महिन्या दोन महिन्यांत रेघ कुठल्या बाजूला चाललीय एवढंच त्यातून बघावं. आणि पेसमेकर असलेल्यांनी हा प्रकार वापरायचाच नाही, हे काट्यासोबत आलेल्या माहितीपत्रकावर बारीक अक्षरात छापलंय, ते मोठ्या अक्षरात छापायला हवं होतं.

आता घोडं कुठे पेंड खातं ते सांगते. मी वजन उतरवायला सुरुवात केली तेव्हा ८४.६ किलो होते. पहिल्या तीन आठवड्यांत ८१.४. म्हणजे ३.२ किलो गायब! मी हवेत. ॲप तर माझ्याहून वर, फटाके, रंगीत कागद, आणि खाली मोठ्या अक्षरात 'याच वेगाने तुम्ही साडेबारा आठवड्यांत ६८ किलोवर पोहोचाल'. तारीखसुद्धा दिली. मी ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकली, हा माझा मूर्खपणा.

कारण ते ३.२ किलो सगळं चरबी नव्हतंच. खाणं कमी केलं की शरीर आधी साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर, वापरायला काढतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही सुटतं. त्यामुळे सुरुवातीला आकडा धडाधड उतरतो आणि मग एकदम ब्रेक लागल्यासारखा वाटतो. पहिल्या तीन आठवड्यांच्या वेगावरून पुढची तारीख काढणं म्हणजे पहिल्या पावसावरून वर्षाचा पाऊस सांगण्यासारखं आहे. हे त्या ॲप बनवणाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. फटाके उडाले की माणूस ॲप उघडत राहतो, एवढंच त्यामागे असावं.

पुढचे पाच आठवडे काट्याने माझा अंत पाहिला. सोमवारी ८०.६, बुधवारी ८१.९, शुक्रवारी ८१.१, परत ८२. मी सकाळी काट्यावर चढायचे, उतरायचे, काटा थोडा सरकवून परत चढायचे, जणू पलीकडच्या फरशीवर माझं वजन कमी भरणार होतं. नवरा चेहरा बघून विचारायचा, "आज किती?" आणि मी उत्तर द्यायचे नाही. चालायचा व्यायाम सोडून पायांचे जोरदार व्यायाम सुरू केले त्याच्या दुसऱ्या दिवशी तर सव्वा किलो वाढलं आणि वरून ॲपचं नोटिफिकेशन, 'तुम्ही ध्येयापासून मागे पडत आहात'. त्या दिवशी फोन आपटायचाच बाकी होता. नंतर कळलं की नव्या व्यायामाने दुखावलेले स्नायू काही दिवस पाणी धरून ठेवतात, पाळीच्या आधी पाणी साठतं, जास्त मीठ खाल्लं तरी साठतं. यातलं एकही ॲपने सांगितलं नाही, नुसतं लाल बाण दाखवून मोकळं.

सोडून देणार होते खरंच. वाचवलं कोणी, तर याच ॲपच्या तिसऱ्या पानावर, मेनूत लपवलेल्या 'साप्ताहिक सरासरी' नावाच्या एका कंटाळवाण्या ग्राफने. त्यात फटाके नाहीत काही नाही. ते पाच आठवडे तिथे असे दिसत होते: ८१.५, ८१.४, ८१.२, ८१.१, ८०.९. बघत बसले मी. काटा अडकला म्हणून मी जिवाला लावून घेत होते आणि तो मुंगीच्या पावलाने का होईना उतरत होता.

हिशोब साधा आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोज २२० कॅलरींची तूट पडली तर आठवड्याला २०० ग्रॅम जाणार. आणि पाणी तर एका दिवसात किलो दीड किलो इकडचं तिकडे होतं. त्या गोंधळात २०० ग्रॅम दिसणार कसे? शिवाय वजन उतरलं की तेच शरीर चालवायला ऊर्जाही कमी लागते, म्हणजे तेवढंच खाऊन तेवढंच चालून वेग आपोआप मंदावतो. मी आळशी झाले होते असं नाही. (माझ्या डोक्यात मात्र महिनाभर तेच चालू होतं.)

आणि त्याच पाच आठवड्यांत शिवणकामाच्या टेपने कंबर २ सेंमीने कमी भरली. टेपचं ऐका. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, टेप आडवी, आवळायची नाही, पंधरा दिवसांतून एकदा. पाच महिन्यांत ९७ ची ९१ झाली.

दरम्यान ॲपने माझी तारीख गुपचूप बदलली. त्या संथ पाच आठवड्यांच्या वेगाने ६८ गाठायला आता दोन वर्षं लागतील म्हणे. साडेबारा आठवडे आणि दोन वर्षं, बाई एकच, ॲप एकच. हे फीचर बंद करता येतं, सेटिंगमध्ये 'ध्येय' मध्ये जाऊन तारीख काढून टाका. शरीराचं वयही होम स्क्रीनवरून काढता येतं, नोटिफिकेशन सगळी बंद करा, आणि साप्ताहिक सरासरी पहिल्या पानावर आणा. हे केल्यावर मी रोज वजन करते आणि रोजच्या आकड्याकडे खरंच फारसं बघत नाही.

अजून एक गोष्ट खटकली. माझ्या डॉक्टरांनी ६८ कधीच सांगितलं नव्हतं, तो आकडा मी कॉलेजच्या आठवणीतून भरला होता. त्यांनी सांगितलं होतं, आधी ७ टक्के उतरवा. हा आकडा हवेतला नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम नावाच्या अमेरिकन अभ्यासात ज्यांची साखर काठावर होती अशा लोकांच्या एका गटाला हेच ध्येय दिलं होतं, वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, आणि त्या गटात डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मी ७८.७ च्या खाली आले, म्हणजे माझे ७ टक्के उतरले, त्या सकाळी ॲप ढिम्म. सलग दहा दिवस वजन केलं म्हणून मात्र बॅज मिळाला होता!

आज ७८.१. म्हणजे साडेसहा किलो.

घ्यावा का? सरासरी बघायची सवय लागणार असेल तर घ्या. सकाळच्या एका आकड्यावर ज्यांचा दिवस बनतो बिघडतो किंवा खाण्यावरून आधी त्रास झालाय त्यांनी घरात काटाच आणू नये, टेप पुरे. काट्याला साडेचार स्टार, ॲपला दोन.

ॲपला दोनच का, तर नणंद आली होती तेव्हा हौसेने काट्यावर चढली, ॲपने तिचं वजन माझ्या खात्यात टाकलं आणि ९ किलो कमी केल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. ती म्हणाली, "वहिनी, पार्टी पाहिजे." ती नोंद डिलीटच होत नाही. कंपनीला दोनदा मेल केला, उत्तर आलं, ॲप अपडेट करा. केलं. त्या आठवड्याचा खड्डा ग्राफमध्ये अजून तसाच आहे.