वापरलेली आयएस लेन्स घेताय? आधी हे वाचा

वापरलेली कॅननची ७०-२०० एफ/४ एल आयएस लेन्स मी ३८,००० रुपयांना घेतली. तिचा आयएस, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा, निकामी होता आणि विकणाऱ्याला ते पुरतं ठाऊक होतं. त्याने ते कसं लपवलं हे सविस्तर सांगतो, कारण ही युक्ती कुणावरही चालेल.

भेटायला त्याने भर दुपारची वेळ आणि सारसबागेजवळची मोकळी जागा ठरवली. "उजेडात लेन्स नीट बघता येते, दादा," म्हणाला. लेन्सच्या बटणांवर काळी टेप घट्ट चिकटवलेली होती. बॅगेत बटणं सरकू नयेत म्हणून, असं कारण. बरेच फोटोग्राफर अशी टेप लावतात, त्यामुळे त्यात वावगं काही दिसत नव्हतं. त्या टेपखाली आयएस बंद करून ठेवला होता. उन्हात शटर १/२००० सेकंद. एवढ्या वेगाला हात थोडाफार हलला तरी फोटो स्वच्छच येतो. आयएस चालतो की नाही, हे कळायला जागाच नाही!

लग्नाच्या हॉलमध्ये टेप काढून आयएस चालू केला. शटर अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमधलं, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतलं, चित्र एकदम खाली उडी मारायचं आणि तिथेच थरथरत राहायचं. नवरीच्या मुंडावळ्या फोटोत दुहेरी. आयएस बंद केला तर फोटोची डावी कड मऊ, म्हणजे धूसर.

लेन्स आपटलेली आहे, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. आतले जायरो सेन्सर हाताची हालचाल ओळखतात आणि त्या हिशेबाने भिंगांचा एक गट सतत सरकवला जातो. तो गटच जागचा हलला होता. स्क्रूंवर आधी उघडल्याचे ओरखडेही होते. दुरुस्तीचा अंदाज १७,०००. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "तुमच्याकडेच पडली असेल." मग नंबर ब्लॉक.

लेन्स घेताना सावलीत किंवा खोलीत जा. टेप असेल तर काढायला लावा. तो नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. २०० एमएमवर, म्हणजे पूर्ण झूमवर, हातात धरून, शटर १/२५ सेकंद ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो घ्या, आधी आयएस बंद ठेवून, मग चालू करून. एवढ्या झूमला आयएसशिवाय स्वच्छ फोटोसाठी एरवी साधारण १/२०० लागतो, त्यामुळे फरक ढळढळीत दिसायला हवा. चालत्या माणसावर तपासू नका, त्याची हालचाल आयएस थांबवत नाही. फोटोचे चारही कोपरे मोठे करून बघा. शटर अर्धं दाबल्यावर बारीक घुंई आवाज येतो, त्याला घाबरू नका.

आणखी एक. याच लेन्सचं १९९९ चं बिनआयएस मॉडेलही पांढरंच आहे, फिल्टरही तोच, ६७ एमएमचा. आयएसवालं २००६ चं. जाहिरातीतल्या फोटोत बटणं मोजा: आयएसवर चार, बिनआयएसवर दोन.

पैसे यूपीआयने दिले होते आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट ठेवले होते. ते जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे.