चांगली बॅटरी नेली, स्टिकर लावलेली जुनी गळ्यात मारली

गाडी सेल्फ घेईना आणि आलेला माणूस पाच मिनिटांत 'बॅटरी गेली' म्हणाला, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

माझी गाडी सेल्फ मारला की नुसती 'टक्' करायची आणि डॅशबोर्डचे दिवे मंद व्हायचे. घरपोच सेवा देणाऱ्याने बॉनेट उघडलं, टेस्टर लावला आणि छापून आलेली चिठ्ठी हातात दिली: 'रिप्लेस'. "मॅडम, सेल गेलाय. चार्ज करून उपयोग नाही, परत रस्त्यात बंद पडाल." नवी बॅटरी त्याच्याकडे तयारच होती. जुनीपोटी किमतीच्या 8 टक्के वजा केले, उरलेले 92 टक्के जागच्या जागी ऑनलाइन घेतले. बिलावर एवढंच, 'बॅटरी, 1 नग'. बिलावर सीरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका.

ती चिठ्ठी आज पाहिली की तळपायाची आग मस्तकात जाते. व्होल्टेज 12.4. रेटिंग 550 सीसीए, म्हणजे थंडीत गाडी सुरू करायला बॅटरी किती करंट देऊ शकते त्याचा आकडा. मोजलेले 305. माझ्या बॅटरीच्या लेबलवर छापलं होतं 330! हा टेस्टर आधी रेटिंग विचारतो आणि त्या आकड्याशी तुलना करून निकाल देतो. 330 टाकलं तर 305 वाली बॅटरी ठणठणीत, 550 टाकलं की तीच मेलेली. माझ्या डोळ्यांदेखत तो बटण दाबत आकडा वर वर नेत होता. लेबल समोर होतं, तरी 330 वर थांबला नाही. चोरी झाली ती त्या क्षणी, बॅटरी काढण्याच्याही आधी. पण उणे 18 अंश सेल्सिअसला 30 सेकंद किती अँपिअर करंट देता येतो, त्याला सीसीए म्हणतात, हे अडलेल्या माणसाला कोण सांगणार? मशीनने छापलेल्या कागदावर कोणीही विश्वास ठेवतो. तेच तर त्यांचं भांडवल.

आणि 12.4 व्होल्ट! बॅटरीत सहा सेल, प्रत्येक साधारण 2.1 व्होल्टचा. एक सेल पुरता गेला तर आकडा 10.5 च्या आसपास येतो. 12.4 म्हणजे पाऊण भरलेली बॅटरी. 'सेल गेलाय' हे त्याच्याच चिठ्ठीने खोटं पाडलं होतं. खरं दुखणं निगेटिव्ह टर्मिनलचं होतं, क्लॅम्प ढिला आणि खाली पांढरी पूड साचलेली. 'नवी' बसवताना त्याने तो क्लॅम्प पॉलिश पेपरने घासला, पान्याने आवळला, आणि गाडी सुरू झाली ती त्यामुळे. तुमची गाडी नुसती 'टक्' करत असेल तर आधी क्लॅम्प हाताने हलवून बघा. हलला तर बॅटरीवाल्याला फोन करूच नका. साफ करायला खायचा सोडा आणि कोमट पाणी पुरतं. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

काही आठवड्यांतच 'नवी' रात्रीत उतरायला लागली. दुसऱ्या गॅरेजच्या मेकॅनिकने ती पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवली, मग मोजली. 12.6 यायला हवेत, आले 12.1. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाता कामा नये, गेली 8.2 वर. त्याने स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. खाली आधीच्या स्टिकरचा चिकट डाग, आणि केसवर ठोकलेला तारखेचा कोड कानशीने तासून काढलेला. "ताई, ही नवी नाही, आतल्या प्लेटा संपल्यात." स्टिकर कोणीही छापतो. केसवर ठोकलेला कोड बघा आणि बसवण्याआधी त्याचा फोटो काढा.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. विकणारा म्हणाला, तुमचा अल्टरनेटर जास्त चार्ज करतो. मोजून दाखवला, 14.2 व्होल्ट, अगदी हवा तेवढा. मग म्हणाला, तुम्ही पाणी घातलं नाही. अहो, सीलबंद बॅटरी, वर झाकणंच नाहीत, पाणी घालू कुठून? कंपनीचं कस्टमर केअर म्हणे, 'हा सीरियल नंबर आमच्या सिस्टीममध्ये नाही, त्यामुळे तक्रार नोंदवता येणार नाही.' नंबर सिस्टीममध्ये नाही हीच तर माझी तक्रार आहे! तुमच्या नावाचं खोटं स्टिकर बाजारात फिरतंय आणि तुम्हाला त्याचं काहीच नाही? ग्राहक कक्षात सांगितलं, बिलातली बॅटरी हीच कशावरून? पोलिसांनी तर ऐकूनही घेतलं नाही. 'काही दिवस चालली ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला.' प्रत्येकाने दुसऱ्याचा दरवाजा दाखवला आणि प्रत्येक दरवाज्यावर नवा अर्ज, त्याच कागदांच्या नव्या झेरॉक्स. चोराला एक बटण दाबावं लागलं, मला मात्र पुराव्यांची फाइल बांधावी लागतेय.

जुनी बॅटरी लगेच देऊ नका. भंगार म्हणून नेतात, पण आतल्या शिशाला चांगला भाव असतो, आणि माझ्यासारखी चालती बॅटरी असेल तर तीही स्टिकर लावून पुढच्याला विकता येते. साधा मल्टिमीटर घेऊन ठेवा. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजा, नुकतीच चालवून आल्यावरचा आकडा फसवा असतो.

तक्रार मी मागे घेतलेली नाही, चिठ्ठी आणि उचकटलेलं स्टिकर दोन्ही जपून ठेवलंय. तुमच्याकडे अशी टेस्टरची चिठ्ठी पडून असेल तर फेकू नका. तिच्यावरचं रेटिंग आणि बॅटरीच्या लेबलवरचं रेटिंग जुळतंय का, आजच पाहा. जुळत नसेल तर मला कळवा, एकत्र अर्ज केला तर त्यांना तो बाजूला सारणं सोपं जाणार नाही.