राजारामपुरीतलं कॉन्टिनेंटल : पांढरा सॉस पांढराच ठेवणारी माणसं

कोल्हापुरात कॉन्टिनेंटल जेवायला गेले की मेनूकार्डावर मी आधी एकच गोष्ट बघते, 'कोल्हापुरी पास्ता' आहे का. असला तर पाणी पिऊन उठायचं. राजारामपुरीतल्या या हॉटेलात तो नाही. तंदुरी पास्ता नाही, शेजवान पिझ्झा नाही, पनीर माखनी लसान्याही नाही. निम्मे गुण मी तिथंच देऊन टाकले.

"एवढं काय पडलंय गं तुला इटलीवाल्यांचं?" आमच्यातली एक म्हणाली. पडलंय. बाहेरगावी 'व्हेज कोल्हापुरी' म्हणून जो लालभडक जाळ ताटात वाढतात, तो आपल्यापैकी कुणाच्या घरी कधी शिजलाय? ज्यांच्या नावावर असला माल खपतो, त्यांनी तरी दुसऱ्याच्या पदार्थाची लाज राखावी.

आम्ही चौघी शाळेपासूनच्या. एक बँकेत, एकीचं शाहूपुरीत गुळाचं दुकान, एक नर्स, आणि मी मास्तरीण. चौघींना एक संध्याकाळ मोकळी मिळणं अवघडच, त्यात सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाचं ना कुणाचं सामिष बंद. म्हणून बुधवार गाठला. आमच्यातली एक बारा महिने शाकाहारी, तिला कुठलाही वार चालतो.

जागा मुख्य रस्त्यावरून आत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. पुढच्या अंगणात चार टेबलं, आत सहा-सात. गाणी इतकी हळू की एकमेकींचं बोलणं ऐकू येतं. गाडी लावायची मात्र बोंब. चारचाकी असेल तर लांब लावून चालत या, नाहीतर रिक्षा करा.

आता जेवणाचं. मशरूम सूप दोन मागवून चौघींत वाटून घेतलं. न सांगता त्यांनी चार वाट्या आणल्या, हे मला आवडलं. सूप बरं होतं, दाट, पण मिरपूड जरा हात राखून. गार्लिक ब्रेडला लसूण खरा, वाटून लावलेला, पावडरीचा नाही. प्लेट संपायला सूप संपायचीही गरज पडली नाही.

खरी गोष्ट पेने अल्फ्रेडोची. पेने म्हणजे नळ्यांसारखा पास्ता. रोममध्ये अल्फ्रेडो म्हणजे नुसतं लोणी आणि पार्मेझान चीज. आपल्याकडं त्या नावाखाली व्हाइट सॉस येतो, तसाच इथंही आला. पण तो सॉस नीट केलेला होता. लोण्यावर मैदा परतताना घाई केली की सॉसला खळीसारखा कच्चा वास येतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच वास चीजखाली झाकून पुढं करतात. इथं मैदा पुरता परतलेला, रंग मात्र चढू दिलेला नाही, वरून जायफळाची चाहूल. दुधाबद्दल मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, म्हशीचंच. मग बरोबर आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात व्हाइट सॉस पातळ निघाला तर दोष दुधाचा नव्हे, करणाऱ्याचा. गुळाच्या दुकानवालीनं उरलेला सॉस पांढऱ्या रश्श्यासारखा वाटीत ओतून घेतला आणि वाटी तोंडाला लावली. आम्ही बघितलं न बघितल्यासारखं केलं.

पेने मात्र तिला शंकास्पद वाटली. "काय गं हे, शिजलंय का नाही?" वाढणारा पोरगा जवळच होता. न चिडता म्हणाला, "मॅडम, आत जरा टणकच ठेवत्यात. नको असंल तर अजून शिजवून आणतो की." ती म्हणाली, "र्‍हाऊ दे, खातो मी." खाल्लंही सगळं. पास्ता ड्युरम गव्हाचा असतो, म्हणजे आपला बन्सी. त्याचा रवाही असाच दाताला लागतो हे तिला सांगितल्यावर तिचा इटलीवरचा राग बराच निवळला.

शाकाहारीणीनं व्हेज लसान्या मागवायच्या आधी स्वयंपाकघरापर्यंत चौकशी नेली. पास्त्याच्या पट्ट्यांत अंडं आहे का? नाही. चीज कुठलं? हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण बरोबर आहे. खऱ्या पार्मेझानला वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, लागतं, त्यामुळे ते शाकाहारी नसतं. इथं देशी चीज वापरतात. त्यांनी हिरवा ठिपका असलेलं पाकीटच आणून दाखवलं. चव पार्मेझानची येत नाही हे खरं, पण मग दरही पार्मेझानचा लागत नाही. लसान्यात वांगं, पालक, गाजर. टोमॅटोचा सॉस थोडा गोडसर होता, तिला आवडला, मला नाही.

चिकन स्टेक मिरपुडीच्या सॉसमध्ये, सोबत बटाट्याचा लगदा आणि उकडलेल्या भाज्या. छातीचा तुकडा असून कोरडा पडला नव्हता. तिखट काहीच नाही, फक्त काळ्या मिरीची ऊब. नर्सबाई कांदा-लिंबू मागायच्या बेतात होत्या, मी डोळे वटारले. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला पहिले चार घास बेचव लागतात. पाचव्या घासाला लोणी कळतं, मग कोंबडी कळते. तेवढा दम धरणारं गिऱ्हाईक मिळेल या भरवशावर हे लोक दुकान चालवतात, आणि मला त्यांचं कौतुक त्याचंच आहे. टेबलावर चिली फ्लेक्स आहेत, ज्याचं त्यानं बघावं.

फिश अँड चिप्स मागवू नका. आवरण जाड, तेल पिलेलं. आणि मासा बासा निघाला. मेनूवर नुसतं 'फिश' लिहिलंय. बासा म्हणजे व्हिएतनाममध्ये तळ्यात वाढवलेला, गोठवून येणारा मासा. काटा नाही, वास नाही, चवही नाही. आंबा घाट उतरला की रत्नागिरी, आणि आपण व्हिएतनामचा मासा खायचा? मालकीणबाईंनी कारण सांगितलं की सुरमईचा दर रोज बदलतो, मेनूकार्ड रोज छापता येत नाही. हिशेब मला पटला, मासा नाही पटला. मग तो पदार्थ काढून टाका ना. नाहीतर 'आज मिळाला तर' असं फळ्यावर लिहा.

शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. साखर करपण्याच्या अगदी काठापर्यंत नेलेली, त्यामुळे कडवट गोड. दोन घेतली, चार घ्यायला हवी होती. कोल्ड कॉफी साधीच.

बिल : गार्लिक ब्रेड १५०, सूप दोन २४०, पेने २४०, स्टेक ३२०, लसान्या २८०, मासा ३१०, कस्टर्ड दोन १८०, कोल्ड कॉफी १२०. झाले १,८४०. त्यावर पाच टक्के जीएसटी ९२, एकूण १,९३२. म्हणजे माणशी पाचशेच्या आत. सर्व्हिस चार्ज लावलेला नव्हता. तो बिलात आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये ते उचलून धरलंय, तरी बऱ्याच ठिकाणी गपचूप लावतात. म्हणून बँकवाली कुठलंही बिल खालून वर वाचते. इथं तिला काही सापडलं नाही, जरा हिरमुसलीच.

कस्टर्डनंतर आम्ही तासभर तरी नुसत्या बसलो. कुणी टेबल पुसायला आलं नाही, "अजून काही?" म्हणून दोनदा विचारलं नाही. पाणी तेवढं येत राहिलं. रविवारी संध्याकाळी असं होणार नाही, तेव्हा दारात रांग असते म्हणे. मधला वार बघा.

आणि पास्ता पार्सल नेऊ नका. शाकाहारीणीनं लेकासाठी एक पेने वेगळ्या बिलावर बांधून नेली. घरी पोचेपर्यंत पेनेनं सगळा सॉस पिऊन गोळा झाला होता. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, दूध घालून गरम केली तेव्हा कुठं खाता आली. न्यायचंच असेल तर लसान्या न्या, ती गार झाल्यावर उलट बरी कापली जाते.